अमेरिकेतल्या एमबीए, लॉ आणि मेडिकल स्कूलचे अर्ज : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

अमेरिकेत एमबीए, कायदा आणि डॉक्टरकी ही तिन्ही शिक्षणं पदवी हातात आल्यावर सुरू होतात. म्हणून तिन्हींचे अर्जही एकाच साच्याचे असणार, असं समजून बरेच जण कामाला लागतात. आधी निबंध लिहायला बसतात, मग परीक्षेची तारीख शोधतात आणि ट्रान्सक्रिप्टचा विषय निघतो तो शेवटच्या महिन्यात. हा क्रम तिन्ही ठिकाणी उलटा आहे. चांगल्या उमेदवाराचं वर्ष वाया जाताना मी पाहिलं आहे ते बहुतेक वेळा निबंध कच्चा होता म्हणून नव्हे. कागद उशिरा पोचला, शिफारसपत्र पोचूनही कॉलेजला जोडलं गेलं नाही, किंवा मुळात अर्जच भलत्या पदवीसाठी केला, अशी ती कारणं असतात. ही सगळी टाळता येण्यासारखी आहेत.

खालचे टप्पे क्रमाने घ्या. प्रत्येक टप्प्याखालची तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा १ : आपण योग्य पदवीसाठी अर्ज करतोय ना?

एमबीए. कोणत्याही शाखेची पदवी चालते. पण दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएच्या वर्गात बसलेल्यांकडे साधारण चार-पाच वर्षांचा कामाचा अनुभव असतो. अजून शिकत असाल तर डिफर्ड प्रवेशाचा मार्ग आहे. हार्वर्डचा ‘टू प्लस टू’ हा त्यातला सर्वांत माहितीचा. पदवीच्या शेवटच्या वर्षात अर्ज करायचा, मग किमान दोन वर्षं काम करायचं आणि त्यानंतर वर्गात जायचं. तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.एस्सी. असलेल्यांना कायम धाकधूक असते. हार्वर्डसह अनेक बिझनेस स्कूल ही पदवी स्वीकारतात, काही विद्यापीठं मात्र चार वर्षांचा आग्रह धरतात. ऐकीव माहितीवर जाऊ नका. यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर जाऊन तीन वर्षांच्या पदवीबद्दलचं वाक्य शोधा आणि जपून ठेवा.

कायदा. जेडी ही तीन वर्षांची, कायद्याची पहिली पदवी. एलएलएम हा साधारण एका वर्षाचा अभ्यासक्रम आणि तो आधीच कायदा शिकलेल्यांसाठी आहे. एलएल.बी. झालेल्या व्यक्तीला बहुतेक ठिकाणी एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा न देता एलएलएमला अर्ज करता येतो. पण पुढे तिथे वकिली करायची असेल, तर आधी बारच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, परीक्षेचे नियम वाचा आणि मग कॉलेज निवडा. न्यूयॉर्कमध्ये एलएलएमच्या बळावर बारला बसणाऱ्यांसाठी किमान २४ क्रेडिटची अट आहे आणि त्यांत कोणते विषय हवेत हेही ठरलेलं आहे. ते विषय शिकवलेच जात नाहीत अशा कॉलेजात प्रवेश घेतला, तर दोष कुणाला देणार?

वैद्यक. सर्वांत महागडी चूक इथे होते. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरने अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलला अर्ज करायचा नसतो. त्यांचा रस्ता वेगळा आहे. यूएसएमएलई या परवाना परीक्षेची स्टेप वन आणि स्टेप टू सीके, परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र, सप्टेंबरमध्ये इरास या ऑनलाइन सेवेवरून रेसिडेन्सीचे (रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचे) अर्ज आणि मार्चमध्ये मॅचचा, म्हणजे कुणाला कुठे जागा मिळाली याचा, निकाल. हा लेख त्या रस्त्याचा नाही. एमकॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एमडी किंवा डीओ (ऑस्टिओपॅथिक शाखेची डॉक्टरकीची पदवी) करण्याचा मार्ग आहे तो अमेरिकेत, किंवा काही बाबतींत कॅनडात, पदवी घेतलेल्यांचा. भारतात बी.एस्सी. करून थेट तिकडच्या मेडिकल स्कूलला अर्ज करणं जवळजवळ अशक्य आहे. ॲमकास ही अर्जाची मध्यवर्ती सेवा परदेशी ट्रान्सक्रिप्ट स्वीकारत नाही आणि बहुतेक कॉलेजांना विज्ञानाचे मूळ विषय अमेरिकेत किंवा कॅनडात शिकलेले लागतात. शिवाय बरीच मेडिकल स्कूल विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांचे अर्ज घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही जण एक ते चार वर्षांची फी आगाऊ बँकेत अडकवून ठेवायला सांगतात. अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांना हा अडथळा नाही, पण त्यांनाही राज्याचा रहिवास पाहावा लागतो. टेक्सासची सरकारी मेडिकल स्कूल बाहेरच्या राज्यांतल्यांना दहा टक्क्यांहून जास्त जागा देऊ शकत नाहीत.

> तपासणी : पदवी कोणती, ती मान्य आहे का, आणि आपल्या व्हिसाच्या किंवा रहिवासाच्या स्थितीत अर्ज घेतात का, ही तीन उत्तरं प्रत्येक कॉलेजपुढे लिहून झाली? एकही ‘बहुधा’ असेल तर त्या कॉलेजला आज ईमेल लिहा.

## टप्पा २ : शेवटची तारीख विसरा, खरी तारीख शोधा

मेडिकलचा अर्ज वर्गात बसण्याच्या आदल्या वर्षी करायचा असतो. ऑगस्टमध्ये शिक्षण सुरू होणार असेल, तर अर्ज त्याआधीच्या वर्षीच्या जूनमध्ये. ॲमकासचा फॉर्म मेच्या सुरुवातीला उघडतो, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतो आणि जूनअखेर अर्जांची पहिली खेप कॉलेजांकडे जाते. कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात, मुलाखती घेतात आणि जागा भरत जातात. कॉलेजच्या पानावर शेवटची तारीख ऑक्टोबर, नोव्हेंबर किंवा डिसेंबरची दिसते. त्या तारखेला अर्ज केलात तर तो स्वीकारला जाईल, पण तोवर मुलाखतींच्या बऱ्याच तारखा वाटून झालेल्या असतील. मेडिकलसाठी जून हाच महिना धरा. जुलै म्हणजे उशीर.

लॉ स्कूलचे अर्ज साधारण सप्टेंबरपासून उघडतात आणि शेवटच्या तारखा फेब्रुवारीपासून पुढे असतात. बहुतेक ठिकाणी इथेही येतील तसे अर्ज वाचतात, फक्त घाई मेडिकलइतकी नाही. नोव्हेंबरअखेर सगळं पूर्ण असावं. मात्र एलसॅटचे गुण आपल्या तयारीच्या मानाने फारच कमी आले असतील, तर नोव्हेंबर गाठण्यासाठी तेच गुण घेऊन धावू नका. जानेवारीत चांगल्या गुणांनी गेलेला अर्ज बरा.

एमबीएचे गणित निराळं. इथे राउंड असतात. पहिला सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला, तिसरा साधारण एप्रिलमध्ये. राउंड बंद झाल्यावर त्यातले अर्ज एकत्र पाहिले जातात, म्हणून राउंडच्या आत लवकर पाठवण्याने बहुधा काही मिळत नाही. शेवटचे दहा दिवस निबंध सुधारण्यात घालवलेत तर ते सत्कारणी लागतात. पहिला आणि दुसरा राउंड दोन्ही चांगले. तिसऱ्यात जागा थोड्या उरतात आणि परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी वेळ पुरत नाही. हार्वर्डला तर तिसरा राउंडच नाही.

मेडिकलची घाई एमबीएला लावू नका आणि एमबीएचा निवांतपणा मेडिकलला लावू नका. दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी जास्त नडते.

> सावधान : मुदत कोणत्या टाइम झोनची आहे हे पाहा. ‘५ जानेवारी, दुपारी बारा, ईस्टर्न टाइम’ म्हणजे भारतात त्याच दिवशी रात्री साडेदहा. आणि शेवटच्या तासाला सगळ्यांचाच सर्व्हर अडखळतो.

## टप्पा ३ : कागद सगळ्यात आधी

निबंधाला हात लावण्याआधी हे काम सुरू करा, कारण याचा वेग तुमच्या हातात नाही. विद्यापीठाचा परीक्षा विभाग तुमची घाई ओळखत नाही.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटची झेरॉक्स नव्हे. विद्यापीठाने आपल्या सही-शिक्क्याने दिलेली सर्व सत्रांची, सर्व विषयांची एकत्रित नोंद म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. तिन्ही शाखांत ते मागण्याची रीत वेगळी आहे.

बिझनेस स्कूलला अर्जाच्या वेळी बहुतेकदा तुम्ही अपलोड केलेली प्रत पुरते. अधिकृत प्रत प्रवेश मिळाल्यावर मागतात आणि ती आधीच्या प्रतीशी जुळवून पाहतात.

लॉ स्कूलचे कागद एलसॅक या संस्थेच्या सीएएस सेवेतून जातात; ती कागद गोळा करून कॉलेजांना पाठवते. ट्रान्सक्रिप्ट संस्थेकडून थेट एलसॅककडे जावं लागतं. तुम्ही ते मध्ये उघडलंत तर बाद. परदेशी पदवी असेल तर एलसॅक ती तपासून मूल्यमापनाचा अहवाल जोडतं. त्यात टक्क्यांचा चारच्या मोजपट्टीतला जीपीए (ग्रेडची सरासरी) मिळत नाही, दर्जाचं वर्णन मिळतं. टपाल, पडताळणी, मूल्यमापन हे सगळं धरून दोन महिने हाताशी ठेवा. सप्टेंबरमध्ये अर्ज उघडणार असतील तर जूनमध्ये विद्यापीठात जा.

मेडिकलला ॲमकास तुम्ही कॉलेज पातळीचं काहीही शिकलेल्या प्रत्येक संस्थेचं ट्रान्सक्रिप्ट मागतं. इथे अमेरिकेतली मुलं हमखास अडकतात. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा कोर्स, उन्हाळ्यात दुसऱ्या विद्यापीठात घेतलेला विषय, सोडून दिलेला वर्ग, या सगळ्यांची ट्रान्सक्रिप्ट लागतात. एक जरी राहिलं तरी पडताळणी सुरूच होत नाही.

पुन्हा दिलेले विषय. एटीकेटी लागली होती आणि नंतर सुटली, म्हणून पहिला प्रयत्न लपवता येईल असं समजू नका. ट्रान्सक्रिप्टवर आहे ते सगळं फॉर्मवर जातं. अमेरिकेत पुन्हा घेतलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड ॲमकास मोजतं, तुमच्या कॉलेजने पहिला ग्रेड काढून टाकला असला तरी. त्यामुळे कॉलेजने दाखवलेला जीपीए आणि ॲमकासचा जीपीए वेगळा निघू शकतो. ॲमकास जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणिताचा जीपीए वेगळाही काढतं. कॉलेजांची यादी करण्याआधी तो स्वतः काढून पाहा.

टक्क्यांचं रूपांतर. ‘६८ टक्के म्हणजे किती जीपीए?’ हा प्रश्न सगळे विचारतात. फॉर्म रूपांतर मागत नसेल तर करूच नका. विद्यापीठाने दिले तसे गुण आणि मोजपट्टी लिहा. इंटरनेटवरच्या गणकयंत्राने काढलेला आकडा फॉर्मवर टाकणं म्हणजे स्वतःच्या हाताने विसंगती पेरणं.

नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, काही वेळा त्यापुढे आईचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, लग्नानंतर वेगळं आडनाव. परीक्षेची नोंदणी, अर्ज आणि ट्रान्सक्रिप्ट यांची जोडणी नाव आणि जन्मतारखेवर होते. सगळीकडे पासपोर्टवरचं नाव वापरा आणि जुनी नावं ‘इतर नावे’ या रकान्यात भरा. परीक्षा केंद्रावर ओळखपत्र जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी परत मिळत नाही.

> तपासणी : शिकलेल्या प्रत्येक संस्थेची यादी, ट्रान्सक्रिप्ट मागितल्याची तारीख, पोचल्याची तारीख. तिसरा रकाना भरेपर्यंत दर आठवड्याला खात्यात जाऊन पाहा. ‘पाठवलं’ आणि ‘मिळालं’ यांत फरक आहे.

## टप्पा ४ : परीक्षा

जीमॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा आता सव्वादोन तासांची आहे. क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स असे पाऊण-पाऊण तासाचे तीन विभाग, गुण २०५ ते ८०५. जुनी २०० ते ८०० ची परीक्षा जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे, म्हणून दादा-ताईच्या जुन्या ७२० शी आपले गुण ताडून पाहू नका. पर्सेंटाइल, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेतलं स्थान, पाहा. दोन प्रयत्नांत किमान १६ दिवस जावे लागतात. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची सर्वसाधारण परीक्षा सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते आणि जवळपास सगळी बिझनेस स्कूल ती घेतात. दोन्हींचा एकेक सराव पेपर द्या, जिथे सहज जमतं ती निवडा आणि मग निवड बदलू नका. दोन्हींचे गुण पाच वर्षं चालतात.

एलसॅटचे गुण १२० ते १८०. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स हा कोड्यांचा विभाग गेला. आता लॉजिकल रीझनिंगचे दोन आणि वाचनाचा एक असे तीन विभाग मोजले जातात आणि एक न मोजला जाणारा विभाग मध्ये कुठेतरी असतो. जुनी पुस्तकं घेणार असाल तर हे ध्यानात ठेवा. लेखनाचा भाग वेगळा द्यावा लागतो. तो पूर्ण नसेल तर पहिल्यांदा परीक्षा देणाऱ्याचे गुण जाहीरच होत नाहीत. नोंदणी परीक्षेच्या महिनाभराहून आधी बंद होते.

एमकॅट हा जवळपास साडेसात तासांचा दिवस. चार विभाग, गुण ४७२ ते ५२८, निकाल साधारण महिन्याने. वर्षात तीन, लागोपाठच्या दोन वर्षांत चार आणि आयुष्यात सात वेळाच देता येते. रद्द केलेला प्रयत्नही यात धरला जातो. त्यामुळे ‘एकदा देऊन बघू’ हा विचार इथे नको. सराव पेपर लक्ष्याच्या आसपास स्थिरावल्याशिवाय केंद्रात पाऊल टाकू नका. अर्जाच्या वर्षी एप्रिल किंवा मेपर्यंत परीक्षा झालेली बरी. कॅस्पर किंवा प्रीव्ह्यू या प्रसंगनिष्ठ चाचण्या काही कॉलेजं मागतात. त्यांच्या तारखा आत्ताच पाहून ठेवा, कारण एमकॅटच्या धामधुमीत त्या विसरल्या जातात.

इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षं चालतात. पदवी इंग्रजी माध्यमातून असेल तर सूट मिळते का, हे आधी विचारा.

## टप्पा ५ : शिफारसपत्रं

आपल्याकडची सर्वांत जुनी अडचण अशी की सर किंवा साहेब म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे करू नका. बिझनेस स्कूल आपल्या सूचनांत हे स्पष्टपणे मना करतात आणि लिहिणाऱ्याचा आवाज तुमच्या निबंधासारखाच ऐकू आला की वाचणाऱ्याला ते कळतं. नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून पर्याय तयार ठेवा. ‘सर, कॉलेजच्या नियमाने मला लिहिता येत नाही. पण मी तुमच्याकडे केलेल्या कामांची एका पानाची टिपणी देतो, त्यावरून तुम्ही लिहा.’ त्या टिपणीत तीन-चार प्रसंग, तारखा, तुमचा नेमका वाटा आणि एखादी चूक जी त्यांनी दाखवली व तुम्ही सुधारली, एवढं असावं. विशेषणं नकोत.

कुणाला सांगावं? मोठ्या पदापेक्षा जवळून पाहिलेला माणूस बरा. कुलगुरूंच्या चार ओळींपेक्षा तुमचा प्रकल्प तपासणाऱ्या प्राध्यापकांचं पान वजनदार.

- एमबीए : बहुधा दोन पत्रं, त्यांतलं एक सध्याच्या थेट वरिष्ठांचं. प्रश्न ठरलेले असतात. बरोबरीच्या सहकाऱ्यांच्या तुलनेत उमेदवार कसा आहे, आणि त्याला दिलेला महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता व त्याने काय केलं. वरिष्ठांना नोकरी सोडण्याचं सांगता येत नसेल तर आधीचे वरिष्ठ घ्या आणि कारण अर्जात लिहा. घरचा व्यवसाय असेल तर वडील किंवा काका नकोत, मोठा ग्राहक किंवा पुरवठादार चालेल.
- लॉ : बहुतेकदा दोन, शक्यतो प्राध्यापकांची, ज्यांनी तुमचं लेखन वाचलं आहे. पत्र एलसॅककडे आलं म्हणजे काम झालं नाही. तुमच्या खात्यात जाऊन ते प्रत्येक कॉलेजला नेमून द्यावं लागतं. पत्र महिनाभर खात्यात पडून आणि अर्ज अपूर्ण, हा प्रकार वारंवार घडतो.
- मेडिकल : विज्ञानाचे प्राध्यापक, विज्ञानाबाहेरचे एक आणि संशोधन किंवा सेवेतले वरिष्ठ असा मेळ बहुतेकांना लागतो. तुमच्या कॉलेजात प्री-हेल्थ समिती (मेडिकलला जाणाऱ्यांना मार्गदर्शन करणारी) असेल तर तिचं पत्र अपेक्षित असतं, आणि समितीच्या स्वतःच्या मुदती जानेवारी-फेब्रुवारीतही असू शकतात.

पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असं फॉर्म विचारतो. ‘सोडतो’ म्हणा. नाहीतर पत्राचं वजन घटतं.

> तपासणी : मुदतीच्या दोन महिने आधी विनंती, महिनाभर आधी आठवण, दोन आठवडे आधी पुन्हा एक. पत्रात पद, संस्था आणि कामाचा ईमेल पत्ता असावा.

## टप्पा ६ : कॉलेजांची यादी

पक्की यादी गुण हातात आल्यावर करा. मेडिकलसाठी एमएसएआर ही माहितीपेढी विकत घ्या. परदेशी अर्ज, राज्याबाहेरचे विद्यार्थी, लागणारे विषय हे सगळं तिथे आहे. लॉसाठी प्रत्येक मान्यताप्राप्त कॉलेजला ‘५०९ अहवाल’ प्रसिद्ध करावा लागतो. त्यात एलसॅट आणि जीपीएचे मधले आकडे, फी आणि किती जणांची सशर्त शिष्यवृत्ती पुढे कमी झाली किंवा गेली, हेही असतं. हा शेवटचा आकडा जरूर पाहा. एमबीएला वर्गाची माहिती आणि नोकऱ्यांचा अहवाल पुरतो.

पैशांची बाजू आताच उघडा. अमेरिकी सरकारची विद्यार्थी कर्जं व्हिसावर असलेल्यांना मिळत नाहीत. ज्यांना मिळतात त्यांच्यासाठीही १ जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज नव्या कर्जदारांना बंद.

## टप्पा ७ : लेखन

मेडिकलच्या पर्सनल स्टेटमेंटला ५३०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, मोकळ्या जागा धरून. कामं आणि अनुभव जास्तीत जास्त १५, प्रत्येकी ७०० चिन्हं. त्यांतल्या तिनांना ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून आणखी १३२५ चिन्हं मिळतात. पंधराच्या पंधरा जागा भरायलाच हव्यात असं नाही. दहा भक्कम नोंदी पुरतात. रुग्णांच्या सहवासातले तास आणि डॉक्टरांच्या मागे राहून पाहिलेले तास वेगळे लिहा.

लॉच्या पर्सनल स्टेटमेंटला साधारण दोन पानं. कमी गुणांचं, खंडाचं किंवा आजारपणाचं स्पष्टीकरण इथे घालू नका. त्यासाठी अर्ध्या पानाचं वेगळं परिशिष्ट असतं. काय झालं, कधी झालं, आता काय स्थिती आहे, एवढंच लिहा. तक्रार नको.

एमबीएला निबंध प्रत्येक कॉलेजचे वेगळे. स्टॅनफर्ड विचारतं की तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का. या प्रश्नाला करिअरची योजना हे उत्तर नव्हे, तरी बरेच जण तेच लिहितात. एक निबंध सगळीकडे डकवला की दुसऱ्या कॉलेजचं नाव तसंच राहून जातं.

तिन्हींना लागू असलेली एक गोष्ट. ‘लहानपणापासून मला…’ ही सुरुवात काढून टाका आणि तिच्यानंतरचा दुसरा परिच्छेद वर आणा. आपल्याकडे घरच्यांचा त्याग, आजोबांचं आजारपण, गावातली परिस्थिती हे मनापासून लिहिलं जातं आणि ते खरंही असतं. पण वाचणाऱ्याला त्यानंतर तुम्ही काय केलंत हे हवं असतं. प्रसंगाला तीन ओळी द्या, तुमच्या कृतीला तीन परिच्छेद.

> सावधान : एआयबद्दल प्रत्येक कॉलेजचा नियम निराळा आहे. कुठे शुद्धलेखनापुरतं चालतं, कुठे अजिबात नाही. अर्जाखाली तुम्ही सही करता की हे लेखन माझं आहे. तो नियम सही करण्याआधी वाचा.

## टप्पा ८ : फॉर्म भरणं आणि पाठवणं

मेडिकलसाठी एक उपयोगी युक्ती. ॲमकासची पडताळणी एमकॅटच्या गुणांसाठी किंवा पत्रांसाठी थांबत नाही, फक्त ट्रान्सक्रिप्टसाठी थांबते. गर्दीत तिला कित्येक आठवडे लागतात. गुण यायचे असतील तर जूनच्या सुरुवातीला एकाच कॉलेजचं नाव टाकून अर्ज पाठवा, म्हणजे रांगेत नंबर लागतो. गुण आल्यावर बाकीची कॉलेजं वाढवा. मात्र एकदा पाठवल्यावर निबंध आणि अनुभवांच्या नोंदी बदलता येत नाहीत, म्हणून लेखन त्याआधी पक्कं हवं. डीओ कॉलेजांसाठी ॲकोमास आणि टेक्सासच्या सरकारी कॉलेजांसाठी टीएमडीएसएएस असे वेगळे फॉर्म आहेत.

लॉच्या फॉर्ममध्ये चारित्र्याविषयीचे प्रश्न येतात. कॉलेजात झालेली कारवाई, वाहतुकीचा दंड, अटक. प्रश्न शब्दशः वाचा, कारण एका कॉलेजला जे लागत नाही ते दुसऱ्याला लागतं. काही वर्षांनी बारच्या तपासणीत हाच अर्ज समोर ठेवतात. तेव्हा सापडलेली लपवाछपवी मूळ घटनेपेक्षा जास्त त्रास देते.

एमबीएत नोकरीच्या तारखा, पद आणि पगार प्रवेशानंतर पडताळले जातात. रेझ्युमे, फॉर्म आणि लिंक्डइन तिन्ही शेजारी ठेवून महिने जुळवा.

> तपासणी : पीडीएफ उतरवून घ्या, कागदावर छापा, दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. मग पाठवा.

## टप्पा ९ : पाठवल्यानंतर

मेडिकलवाल्यांचं काम आता वाढतं. कॉलेजं सेकंडरी निबंधांचे (प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या, दुसऱ्या टप्प्याच्या निबंधांचे) प्रश्न पाठवतात आणि उत्तरं दोन आठवड्यांत परत करण्याची रीत आहे. वीस कॉलेजं म्हणजे जुलैत पन्नासहून अधिक लहान निबंध होऊ शकतात. ‘आमचंच कॉलेज का’, ‘अडचणीचा प्रसंग’ हे प्रश्न दरवर्षी थोड्याफार फरकाने येतात, त्यांचे मसुदे जूनमध्येच करून ठेवा.

मुलाखतींची रूपं वेगळी. मेडिकलमध्ये काही ठिकाणी एमएमआय असतो, म्हणजे ओळीने छोटी स्थानकं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रसंग. व्हॉर्टन या बिझनेस स्कूलमध्ये गटचर्चा असते, तिथे दुसऱ्याला बोलू देणंही पाहिलं जातं. मुलाखतीनंतर कॉलेजने लिखित टिपण मागितलं, तर ते आधीच लिहून ठेवू नका, कारण त्यात मुलाखतीतलं बोलणं यायला हवं. लॉमध्ये बऱ्याच ठिकाणी मुलाखत नसतेच.

## टप्पा १० : निकाल आणि नंतरचे कागद

वेटलिस्टवर नाव आलं तर आधी त्या कॉलेजची सूचना वाचा. काहींना नवी माहिती चालते, काही जण काहीही पाठवू नका म्हणतात. लॉमध्ये शिष्यवृत्तीबद्दल नम्रपणे पुन्हा विचारता येतं, दुसऱ्या कॉलेजचं लेखी पत्र जोडून. बंधनकारक अर्ली डिसिजन (प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं आधीच दिलेलं वचन) घेतली असेल तर ही मुभा गेली, म्हणून पैशांची गरज असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मेडिकलमध्ये एकाहून जास्त प्रवेश हातात असतील तर ३० एप्रिलपर्यंत एक ठेवून बाकीचे सोडायचे असतात.

परदेशी विद्यार्थ्याचा पुढचा क्रम ठरलेला आहे. डिपॉझिट, पासपोर्टची प्रत आणि किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा, मग कॉलेजकडून आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं पत्रक), मग सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची फी, मग व्हिसाची मुलाखत. आय-२० आल्याबरोबर नाव, जन्मतारीख आणि अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख पासपोर्टशी आणि प्रवेशपत्राशी ताडून पाहा. चूक असेल तर सेव्हिसची फी भरण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला कळवा आणि दुरुस्त प्रत येईपर्यंत थांबा.